खड्ड्यातला दिवा

आमच्या घरात आग विझवायचं औषध आलं तेव्हा आग कुठेच लागलेली नव्हती. दादाने ते आणलं साड्यांवरचे डाग काढायला. आता सांगताना हसू येतं, पण ते तोंडावरच येतं, आत नाही.

नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. महालाच्या मागे आमची विणकरांची गल्ली. सकाळी आठ-दहा घरांतून मागावरच्या धोट्याचा आवाज सुरू झाला की संध्याकाळपर्यंत थांबत नसे, आणि एखाद्या घरातला थांबला तर शेजारी विचारायला यायचे, कोण आजारी आहे म्हणून. आमचं घर तीन खोल्यांचं. त्यातली सगळ्यात मोठी मागाची, उरलेल्या दोन माणसांच्या. मागाच्या खोलीत जमिनीतच खड्डा खणलेला असायचा. बाबा खड्ड्याच्या काठावर बसायचे, पाय आत सोडायचे आणि तळाच्या पावड्या पायांनी दाबत वर हातांनी विणायचे. सकाळी बसले की जेवायला उठत, मग परत बसत. मी ओसरीवर, मागाच्या खोलीच्या दाराशीच, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. माझं वय लग्नाचं झालं होतं आणि लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे माझ्या हातून भरपूर कांड्या भरल्या जात होत्या.

नागपूरचा उन्हाळा ठाऊक असलेल्याला वेगळं सांगायला नको, पण विणकराचा उन्हाळा आणखी निराळा. हवा कोरडी झाली की ताण्याचे, मागावर ताणलेले उभे धागे ताडताड तुटतात. म्हणून खिडक्या घट्ट बंद करायच्या, त्यांच्यावर ओली पोती टांगायची, जमिनीवर पाणी शिंपडायचं, दार जेमतेम माणूस जाईल एवढंच उघडं ठेवायचं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवणाऱ्या विणकराला लोक हसत. बाबांची खोली तर अशी ओली आणि गार असायची की बाहेरून येणारा आधी डोळे मिटून उभा राहायचा. या गारव्याचा बाबांना अभिमान होता. आमचं सगळं दुखणं त्याच गारव्यात मुरलं.

साडीच्या काठावरची नक्षी काढायला मागाच्या वर एक लाकडी यंत्र बसवलेलं असे, त्याला आम्ही डाबी म्हणायचो. तिला तेल द्यावं लागे, आणि दिलेलं तेल ती कधी ना कधी खालच्या साडीवर टाकायचीच. पांढऱ्या अंगावर काळा ठिपका. व्यापारी साडी हातात घेतल्यावर आधी ठिपका बघायचा, नक्षी नंतर. दादाला ते फार लागायचं. विणायचं आपण आणि बोलणी खायची ठिपक्यापायी, असं तो म्हणायचा.

दादाला आणखी एक खोड होती. जर्मनी-जपानची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण लढाईतला उरलेला माल अजून विकला जात होता. सोनेगावच्या विमानतळाकडून, वाडीच्या बाजूच्या गोदामांतून कायकाय शहरात यायचं. ताडपत्र्या, दोर, कंदील, बूट. दादा तिथे गेला की रिकाम्या हाताने परतत नसे. एकदा त्याने फौजी लोखंडी टोपी आणली. तिच्यात आमची बकरी पाणी प्यायची. माय म्हणायची, बकरी लढाईवर जाईल एक दिवस.

त्या उन्हाळ्यात त्याने पितळेच्या पिचकाऱ्या आणल्या. हातभर लांब, जाड, टोकाला बारीक तोंड, मागे ओढायचा दांडा. रंगपंचमीच्या पिचकारीसारख्याच, पण वजनदार. अंगावर इंग्रजी पट्टी होती आणि ती घासून गेली होती. आत पाण्यासारखं औषध. मोटारीत, विमानात आग लागली की हे मारायचं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्यानेच दादाला दुसरी गोष्टही दाखवली: याच औषधाचा बोळा तेलकट कापडावर फिरवला की तेल निघून जातं.

दादाने आमच्यासमोर करून दाखवलं. वाटीत थोडं औषध ओतलं, कापूस बुडवला, ठिपक्यावर फिरवला. ठिपका गेला. ओल नाही, कड नाही, कापड बघता बघता कोरडं. खोलीभर गोड वास पसरला.

माय मागे सरकली. "रॉकेल आहे का हे? चूल जवळ आहे."

"हे पाह्य माय, याले आग लागतच नाई. आगच विझते याच्यानं," दादा म्हणाला. "घरात ठेवाले याच्याहून चांगली चीज नाई."

हे ऐकल्यावर कोण काय बोलणार? सूत भरलेल्या घरात आगीची धास्ती रोजची असते. गल्लीच्या टोकाचं एक घर आमच्या डोळ्यांदेखत सुतासकट जळालं होतं. आग विझवणारी वस्तू वाईट कशी असेल, हे कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. मायने तर पिचकाऱ्यांना कुंकू लावलं.

पितळ उन्हाने तापू नये आणि औषध उडून जाऊ नये म्हणून दादाने भरलेल्या पिचकाऱ्या ठेवायला घरातली सगळ्यात गार जागा शोधली. खड्ड्याच्या आतल्या भिंतीत, बाबांच्या पायांपाशी, एक कोनाडा होता. बाबा त्यात तेलाची बुधली ठेवत. बुधली काढून दादाने पिचकाऱ्या तिथे आडव्या घातल्या. एक वापरून रिकामी झाली, ती त्याने पितळेचं काही करून घ्यायला भांडी घडवणाऱ्याकडे नेऊन दिली.

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आलं. बाबा बाजाराच्या दिवशी मोहाची थोडी घ्यायचे. थोडी म्हणजे खरंच थोडी. घेऊन आले की गात गात यायचे आणि मायशी फार गोड बोलायचे. मायला त्याचाच राग. तिचे वडील दारूनेच गेले होते. लग्न झाल्यापासून तिचं बाबांशी या एका गोष्टीवरून वाजत आलं होतं. बाबा दारात आले की ती उंबरठ्यावर उभी राहून म्हणायची, "हा करा." बाबा लहान मुलासारखे तोंड उघडून श्वास सोडायचे आणि ती हुंगायची. मायचं नाक गल्लीत प्रसिद्ध होतं. कोणाच्या घरी भाजी करपली ते ती आमच्या चुलीपाशी बसून सांगायची. नाक बोललं की निकाल लागला. त्यात खटला चालत नसे.

डाग काढायचं काम बाबा मागावर बसल्या बसल्याच करू लागले. वाटी बाजूला, बोळा हातात. थोड्याच दिवसांत ते म्हणायला लागले की डोकं जड होतं. उन्हाळा आहे, कोण म्हणणार होतं दुसरं काही? मग एका दुपारी जेवायला उठले ते लटपटत. दाराची चौकट धरली. डोळे तांबारलेले, जीभ जड. सकाळचं खाल्लेलं उलटून पडलं.

माय चुलीपासून उठून आली. "हा करा."

बाबांनी श्वास सोडला. तिने हुंगलं आणि तिचा चेहराच बदलला.

"दिवसाढवळ्या?" ती म्हणाली. "आता बाजाराच्या दिवसापर्यंत बी धीर धरवत नाई?"

"थेंब नाई घेतला वं. औषधाचा वास असन तो."

"औषध साडीले लावतेत का तोंडाले? कपड्याले वास आला तं समजीन मी. तोंडातून काहून येऊन राहिला? एका वासाआड दुसरा वास लपवता तुमी."

या बोलण्यात खोट कुठे काढणार? हुंगलेली वस्तू श्वासातून परत येते हे आम्हाला कोण सांगणार होतं? मी मात्र बोलले. "माय, बाबा कुठीच गेले नाई. मी सकाळपासून इथंच बसून आहो. जातीन तं मलेच ओलांडून जातीन ना?"

"तू चूप बस. तुले बापाचं सारंच गोड लागते."

दादाने तर बाबांच्या उशाखाली, मागाच्या वरच्या फळीवर, बकरीच्या गोठ्यात बाटली शोधली. सापडली नाही. त्यावर माय म्हणाली, लपवणाराही पक्का झाला आहे. म्हणजे सापडली असती तरी बाबा दोषी आणि नाही सापडली तरीही. मला त्या दोघांचा इतका संताप आला की त्या दिवशी मी चरख्याला हात लावला नाही.

मग ते रोजचंच झालं. दुपारी बाबा खड्ड्यातून लटपटत उठायचे आणि माय वाट बघत उभी असायची. हा करा. पहिल्यांदा ते चिडले, मग शपथा घातल्या, मागाची घातली, माझीसुद्धा घातली. नंतर नुसतं तोंड उघडायचे. मला ते बघवत नसे. ज्या माणसाच्या कापडात गल्ली खोट काढू शकत नव्हती, तो स्वतःच्या घरात शाळेतल्या पोरासारखा तोंड उघडून उभा राहायचा. बाजाराच्या दिवशी ते रागाने खरोखर जाऊन पिऊन आले. सरळ म्हणाले, "आज पेलो. आता खरं बोल्लो तं खूश हो." दोन दिवसांनी त्यांचे डोळे पिवळे झाले.

कावीळ. गल्लीत ती कोणाला ना कोणाला व्हायचीच. गळ्यात काविळीवरची मुळ्यांची माळ आली, ताक आलं, उसाचा रस आला. उतार पडेना. हातपाय सुजले, लघवी कमी झाली, अन्न तोंडापाशी नेलं की ओकारी. दादाने त्यांना टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. मी आणि माय बरोबर. डॉक्टर चांगले होते, गरिबाकडून काही न घेता बघायचे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "पितात का?"

बाबा मायकडे बघत राहिले. माय म्हणाली, "पेतेत."

झालं. डॉक्टरांनी मान हलवली. यकृत खराब झालं आहे, दारू आता विष समजा, पुढचं देवाच्या हातात. टांग्यात परत येताना बाबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. घरी आल्यावर ओसरीवर खाट टाकली, तिच्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले. मग ते वळलेच नाहीत.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बाबा मरतील याची, आणि खोटे ठरून मरतील याची. दुसरी भीती मला पहिलीहून वाईट वाटायची, हे मी कोणाला सांगू शकले नाही.

माग बंद पडला होता. ताणा चढवलेला होता म्हणून खोली तशीच मिटून ठेवली होती. माय दिवसातून दोनदा पोत्यांवर पाणी मारायची, दार ओढून घ्यायची. आमच्यात एक रीत होती. मागाचा धनी आजारी पडला की दिवेलागणीला खड्ड्यात दिवा ठेवायचा. त्याच्या पायांची जागा अंधारात ठेवायची नाही. तो परत येऊन बसेपर्यंत रोज तिथे उजेड दाखवायचा. मायने जवसाच्या तेलाची पणती लावली, खड्ड्यात उतरवली, हात जोडले आणि बाहेर आली. थोड्या वेळाने डोकावली तर दिवा विझलेला.

वारा असेल म्हणावं, तर खोलीत वारा शिरायला फट नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने वात जाड केली, तेल काठोकाठ भरलं. तोही गेला. त्यापुढच्या दिवशी ती आंघोळ करून, ओल्या साडीनेच दिवा घेऊन गेली. ती दिवा ठेवून वळते न वळते तोच तो विझला आणि तिला ठसका लागला. ती बाहेर आली ती पदर तोंडात घालून. मग ओसरीवरच तिचा बांध फुटला.

"देवानं नाई म्हटलं," ती म्हणत होती. "दिवा घेतच नाई खड्डा. हा माणूस नाई उठत आता."

बाबांच्या खाटेपासून दोन हातांवर ती हे बोलत होती. मी तिला गप्प करायला धावले, पण ऐकायचं ते त्यांनी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पेजेची वाटी हाताने दूर सारली. दुसऱ्या दिवशीही सारली. मी हट्ट केला तर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "राहू दे बाई. दिवा राहत नाई तिथं मी कुठं राहीन?"

दादा वाकून त्यांच्या पायांना हात लावून म्हणाला, "बाबा, उद्यापासून मी बसतो मागावर. साड्या पुऱ्या करतो." त्याला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मायचा, दादाचा, डॉक्टरचा, आणि सगळ्यात जास्त त्या दिव्याचा. बोटभर वात, आणि तिने आमच्या बाबांचा निकाल लावायचा? अजून बाहेर पुरता अंधार पडला नव्हता. मी पणती उचलली, चुलीवर पेटवली आणि मागाच्या खोलीत गेले. मनात होतं, हातात धरून तिथेच बसते, बघते कसा विझतो.

दारात दिवा नीट जळत होता. खड्ड्याच्या काठाशी गेले, तिथेही नीट. गुडघे टेकून मी हात खाली नेला. बाबांच्या पावड्यांच्या वर वीतभर अंतरावर ज्योत बारीक झाली, हिरवट दिसली, धूर सोडू लागली. माझ्या नाकात, घशात काही तरी झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. आणखी खाली नेला आणि ज्योत गेली. फुंकर नाही, झुळूक नाही. कोणी चिमटीत धरावी तशी गेली.

मी परत चुलीवरून दिवा पेटवून आणला. खोलीच्या चारही कोपऱ्यांत जमिनीवर ठेवून पाहिला. जळत राहिला. बकरीच्या गोठ्यात ठेवला. जळत राहिला. खड्ड्यात नेला, गेला. देव एवढं हिशेबाने नाही म्हणत नाही. मी जमिनीवर पालथी पडून तोंड खड्ड्याकडे केलं आणि तो गोड वास आला. वाटीतून यायचा त्याहून कितीतरी दाट. हात घालून कोनाडा चाचपला. एका पिचकारीच्या तोंडाशी ओल लागली. तिच्याखालची माती, बाबांचे पाय रोज जिथे टेकत तिथपर्यंत, काळी पडली होती.

आग विझवायचं औषध तिथे बसून आपलं काम इमानेइतबारे करत होतं. समोर येईल तो दिवा विझवत होतं.

"दादा!" मी ओरडले. इतक्या जोरात की बकरी दावं ओढू लागली.

दादाला मी काही समजावून सांगितलं नाही, फक्त दिवा खाली नेऊन दाखवला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग खाली बसून, स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "काल मी पावड्या पाहाले उतरलो होतो. रातभर डोकं फुटून राहिलं होतं माझं." बाबांच्या पायांशी ती जागा ज्याने शोधली त्याला हे सांगताना मनाला किती लागलं असेल, ते मला नंतर कळलं.

त्याने श्वास रोखून हात घातला, पिचकाऱ्या काढल्या आणि परसात निंबाखाली, मोकळ्या वाऱ्यात उभ्या टेकवल्या. मी खिडक्यांवरची पोती ओढून टाकली. भर उन्हाळ्यात त्या खिडक्या मी प्रथमच उघड्या पाहिल्या. गरम वारा आत आला आणि मागावरच्या ताण्याचे धागे सुकून तुटायला लागले. बारीक टकटक आवाज येत राहिला. माय दारात उभी होती. बाबांनी महिनाभर जपलेला ताणा तुटत होता, आणि तिने दारही पुरतं उघडून दिलं.

सकाळी दादा आणि मी डॉक्टरांकडे गेलो. पिचकारी बादलीत वाळू घालून त्यात उभी रोवली होती आणि दादाने बादली सायकलच्या दांड्याला लावली होती. डॉक्टरांनी ती घरात आणू दिली नाही. अंगणात येऊन त्यांनी दुरूनच वास घेतला, घासलेल्या पट्टीवर भिंग धरून एकेक अक्षर लावलं.

"कार्बन टेट्राक्लोराइड," ते म्हणाले. "हे बंद खोलीत वापरत होता? किती दिवस?"

दादाने सांगितलं. खड्डा, कोनाडा, ओली पोती, सगळं.

"याची वाफ हवेपेक्षा जड असते. खाली साचते. माणूस त्यात पाय घालून बसला म्हणजे पाय हलले की ती वर त्याच्याच तोंडाकडे येणार. यकृत आणि मूत्रपिंडं, दोन्ही घालवते ही." मग जरा चिडून म्हणाले, "मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तुमी 'पेतेत का' एवढंच विचारलं," मी म्हणाले. "काय काम करतेत ते विचारलंच नाई."

दादाने माझा दंड दाबला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरोबर आहे," म्हणाले. दारूवर हे विष दुप्पट चढतं, त्या बाजाराच्या दिवशी प्यायले नसते तर बरं झालं असतं, पण मूळ दुखणं दारूचं नाही, हे त्यांनी दादाला दोनदा सांगितलं. मी दिव्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते माझ्यावरच ओरडले. या वाफेत जाळ नेला की तिचा आणखी जहरी वायू होतो. तुझ्या घशात झोंबला तो तोच. नशीब समज, म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी बाबांना मोठ्या दवाखान्यात भरती करवलं, स्वतः सोबत येऊन.

आणि या औषधाचं काय करायचं? दादा म्हणाला, नालीत ओतून देतो. डॉक्टर म्हणाले, खबरदार. नालीत नाही, विहिरीजवळ मातीत नाही, चुलीत तर नाहीच. नगरपालिकेच्या आगीच्या बंबवाल्यांकडे नेऊन दे, ते बघतील.

तिथला मुख्य माणूस दादावर असा बरसला की दादा घरी येऊन सांगताना अजून कान चोळत होता. जुन्या पिचकारीचं आतलं चामडं सुकतं आणि ती थेंब थेंब गळते, ती आडवी ठेवायची नसते, माणसं निजतात बसतात तिथे ठेवायची नसते, आणि यातलं औषध कपड्याला लावायला नसतंच. एक रिकामी झाल्याचं दादा बोलून गेला तेव्हा त्याने विचारलं, "और जो खाली हुआ, वो किधर है?" दादाने भांडी घडवणाऱ्याचं नाव काढताच तो माणूस उभा राहिला. "वो खाली नहीं रहता भाई. भट्टी में डालेगा तो वो आदमी जाएगा."

दादा सायकलवर उभा राहून गेला. पिचकारी अजून मोडीच्या ढिगात होती. ते पितळ त्या दिवशीच भट्टीत जायचं होतं. भांडी घडवणारा आधी हसला, मग दिलेली वस्तू परत मागतो म्हणून चिडला. दादाने त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती घेऊन आला. गल्लीतल्या दोन घरांनीही आमच्याकडून बाटलीभर औषध नेलं होतं. ते परत मागायला मी गेले. एका घरी बाईने बाटली पदराआड धरून म्हटलं, "डाग तं साफ जाते वं. थोडं ठेवू दे ना." मी बाटली हिसकावूनच घेतली. पुढे ती माझ्याशी बोलत नसे. न का बोलेना.

सगळं वाळूच्या बादल्यांत उभं करून दादा बंबवाल्यांकडे देऊन आला. मगच जेवला.

बाबा दवाखान्यात बरेच दिवस होते. तिथे दोन-तीन वेळा असं वाटलं की आता नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मायला दादाने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती ऐकून घेतल्यावर चुलीपाशी जाऊन बसली. भाजी करपली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नाकाला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाबांच्या खाटेपाशी उभी राहून ती म्हणाली, "तुमी पेले नव्हते जी. माझंच चुकलं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. काविळीने पिवळे झालेले ते डोळे. "सांगत तं होतो," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मायला सोपं गेलं असतं.

बाबा वाचले. मागावर मात्र पुन्हा बसले नाहीत, अंगात तेवढं बळ राहिलं नाही. ओसरीवर माझ्याबरोबर कांड्या भरायचे. दादाने खिडक्या उघड्या ठेवून विणायला सुरुवात केली. धागे तुटायचे, गल्ली हसायची, तो सांधत बसायचा. दारू बाबांनी सोडली ती सोडलीच. बाजाराला मीठ-मिरची आणायला जायचे आणि सरळ घरी यायचे.

पण एक गोष्ट त्यांच्या अंगी राहून गेली. बाहेरून आले की उंबरठ्यावर थांबायचे. माय समोर असो, चुलीपाशी असो, ती येईपर्यंत उभे राहायचे. ती जवळ आली की कोणी न सांगता तोंड उघडायचे आणि श्वास सोडायचे. हा. मग आत यायचे. यात टोमणा नव्हता, मी त्यांचा चेहरा नीट पाहिला आहे. शरीरालाच ती सवय जडली होती. मायने विनवण्या केल्या, चिडून पाहिलं, एकदा त्यांच्या पाया पडली. ते ओशाळून हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत उंबरठ्यावर थांबायचे.

पुष्कळ वर्षांनी ते शेवटचे आजारी पडले तेव्हा माणसं ओळखत नव्हते. मला कोणी शेजारीण समजायचे. माय औषध पाजायला त्यांच्यावर वाकायची. कोण वाकलं आहे ते त्यांना कळत नसे, पण तोंड आपोआप उघडायचं आणि श्वास बाहेर यायचा.

"पुरे करा ना जी आता," माय म्हणायची. चमचा हातात तसाच धरून ती तोंड फिरवायची.

त्यांचा शेवटचा श्वासही तसाच गेला, माय वाकलेली असताना, तोंड उघडून. तिने तो हुंगला नाही. तिने स्वतःचा श्वास रोखून धरला होता.